माल्टनचं बिऱ्हाड

डरवेंट नदी पहिल्यांदा पाहिली ती संध्याकाळी सातच्या सुमाराला, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माल्टन आणि नॉर्टन या जोडगावांमधल्या पुलावरून. ऑगस्ट संपत आला होता. सामान घरात टाकून दूध-ब्रेड आणायला म्हणून आम्ही दोघं बाहेर पडलो होतो. कठड्याला टेकून पाण्याकडे पाहिलं आणि मी थबकलेच. समुद्र आमच्या पूर्वेला, वीसेक मैलांवर. दिवसभर नकाशा बघून ते मनात पक्कं बसलेलं. आणि पाणी चाललं होतं मावळतीकडे, निवांत.

मी वाईची. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र साठ-पासष्ट किलोमीटर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी घाटावरच कळतं. त्यामुळे परक्या देशात, परक्या पुलावर उभी असताना मला पहिल्याच संध्याकाळी एक ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग लेकीला फोन लावून विचारलं. ती लीड्सला असते, तिनेच हे घर शोधून दिलं होतं. तिने सांगितलं ते असं. डरवेंट उगम पावते फायलिंगडेल्सच्या माळावर, समुद्रापासून अगदी थोड्या मैलांवर. तिथून दक्षिणेला येते, स्कारबरोच्या जवळ पोचते आणि तिथे समुद्राला न भेटता आत, जमिनीकडे वळते. हिमयुगात पूर्वेकडची वाट समुद्राच्या बाजूने आलेल्या बर्फाने बंद केली होती. पाणी तुंबलं, त्या सगळ्या खोऱ्यात मोठं तळं झालं. पुढे त्या पाण्याने दक्षिणेला किर्कहॅमपाशी डोंगर कापून वाट काढली. बर्फ वितळून गेलं, पूर्वेकडचा रस्ता मोकळा झाला, पण नदी काही जुन्या वाटेला गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनी पुराचं पाणी थेट समुद्राला सोडण्यासाठी स्कारबरोजवळ एक चर खणला, तोही आहे. नदीचं मुख्य अंग मात्र माल्टनवरूनच जातं.

त्या फोनमुळे आमच्या सगळ्या सहलीला एक धागा मिळाला.

आधीच्या खेपेला आम्ही एका कंपनीबरोबर बारा दिवसांत पाच देश केले होते. रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर. त्या सहलीतलं मला आज आठवतं ते हॉटेलांचे गालिचे आणि बसच्या काचा. या वेळी यांचे गुडघे पाहता लेक म्हणाली, "आई, एकाच गावात आठ दिवस राहा. रोज कुठे जायचं तिकडे जा, पण रात्री एकाच घरी या." मला ते एकदम पटलं. मुक्काम वेगळा आणि बिऱ्हाड वेगळं. मुक्कामाला माणूस पिशवीतलं सगळं बाहेर काढत नाही. बिऱ्हाडात तिखटमिठाचे डबे मांडावे लागतात.

आणि माल्टन अशा जागी आहे की तिथून सगळीकडे जाता येतं. रेल्वेने पश्चिमेला पंचवीस मिनिटांत यॉर्क, पूर्वेला तेवढ्याच वेळात स्कारबरो, आणि लीड्सहून येणारी बस माल्टन, पिकरिंग करत माळरान ओलांडून थेट व्हिटबीच्या बंदरात. यॉर्कशर हा इंग्लंडचा सगळ्यांत मोठा जुना परगणा. त्याचे तीन भाग, त्यांना रायडिंग म्हणत. घोड्यावर बसण्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. व्हायकिंग लोकांच्या भाषेतला 'तिसरा हिस्सा' असा त्याचा अर्थ. म्हणून उत्तर, पूर्व आणि पश्चिम रायडिंग आहेत आणि दक्षिण नाही. माल्टन उत्तरेत, पुलापलीकडचं नॉर्टन पूर्वेत, मध्ये डरवेंट. कारभाराच्या नकाशावरून ते जुने तीन रायडिंग १९७४ सालीच गेले, पण बेकरीतल्या बाई पुलापलीकडच्या लोकांविषयी बोलताना अजूनही "तिकडचे" असंच म्हणत.

या बेकरीवाल्या बाई रोज सकाळी विचारायच्या, "आज कुठे, लव्ह?" तिकडे बसचा ड्रायव्हर, भाजीवाला, सगळे अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात. त्याचं मराठी करायचं तर 'बाळा' किंवा 'गं बाई', माणूस आणि वेळ बघून.

शनिवारच्या बाजारात रनर बीन्स मिळाल्या. आपल्या श्रावणघेवड्यापेक्षा लांब, रुंद, अंगाने खरखरीत शेंगा. शिरा काढून बारीक चिरल्या, लेकीने दिलेल्या कढईत मोहरी-हिंगाची फोडणी केली, बरोबर आणलेला गोडा मसाला आणि गूळ. खिडकी उघडी होती. शेजारच्या परसात कपडे वाळत घालणारे आजोबा हातातला चिमटा तसाच धरून थांबले आणि कशाचा वास म्हणून विचारायला कुंपणाशी आले. त्यांना वाटीभर दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती त्यांच्या झाडावरच्या आलुबुखारांनी भरून. रिकामी वाटी परत करायची नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे की त्यांना सहज सुचलं, मी विचारलं नाही. मला फार बरं वाटलं.

व्हिटबीचा दिवस सगळ्यांत मोठा ठरला. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. पिकरिंग सोडलं की शेतं संपतात आणि रस्ता चढायला लागतो. मग एका वळणावर डाव्या हाताला जमीन एकाएकी खाली जाते, प्रचंड परातीसारखी. याला होल ऑफ हॉरकम म्हणतात. वेड नावाच्या राक्षसाने बायकोला मारायला मूठभर माती उचलली, त्याचा हा खड्डा, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे असं काही दिसलं की ते भीमाच्या नावावर असतं. खरं काम आहे झऱ्यांचं. डोंगराच्या पोटातून पाझरणाऱ्या पाण्याने कडा हजारो वर्षं आतून पोखरला.

आणि त्यापुढे हेदर. ऑगस्टात ते माळ जांभळे होतात एवढं वाचलं होतं. पण नजर पोचेल तिथपर्यंत, ढगांच्या सावलीसकट जांभळं, याची कल्पना नव्हती. मला अर्थातच कास आठवलं, आमचं साताऱ्याचं. दोन्हीकडे तीच वेळ, ऑगस्ट-सप्टेंबर. पण कासला जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत पावसाने आणलेली शेकडो जातींची फुलं असतात, आठवड्या-आठवड्याला रंग बदलतो. इथे खाली काळी, ओली पीट, म्हणजे कुजलेल्या झाडोऱ्याची माती, आणि वर मैलोन्‌मैल मुख्यतः एकच झुडूप. ते तसं राहतं कारण माणूस त्याला तसं राखतो. मेंढ्या चरतात, आणि ग्राउझ नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी हिवाळ्यात हेदरचे पट्टे पाळीपाळीने जाळतात, म्हणजे कोवळे फुटवे येतात. जुने, काळपट आणि नवे, उजळ असे ते पट्टे बसमधूनही ओळखू येत होते. मधपाळ ऑगस्टात आपल्या पेट्या मुद्दाम या माळांवर आणून ठेवतात. हे सगळं रान शिकारीच्या हौसेवर उभं आहे हे मला आवडलं नाही. तरी डोळे हटत नव्हते, हेही खरं.

रस्त्याच्या कडेला मेंढ्या, कुंपण नाही, राखण्या नाही. मागच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने सांगितलं की त्यांना कुंपण लागतच नाही. कळपाचं रान ठरलेलं असतं. कोकरू आईबरोबर हिंडत ते शिकतं, ते मोठं होऊन आपल्या कोकराला शिकवतं. याला ते 'हेफ्ट' म्हणतात. कळप विकला तर रानासकट विकावा लागतो, कारण नव्या मेंढ्यांना ते रान माहीत नसतं.

व्हिटबीला पोचलो तर धुकं. समुद्रावरून येणाऱ्या या गार धुक्याला तिथे 'फ्रेट' म्हणतात. माल्टनला लख्ख ऊन होतं आणि इथे बंदरातल्या होड्यांच्या डोलकाठ्यासुद्धा अर्ध्याच दिसत होत्या. एन्डेव्हर, ज्या जहाजातून कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला गेला, ते १७६४ साली याच बंदरात कोळसा वाहण्यासाठी बांधलं होतं. कुक स्वतः इथल्याच एका जहाजमालकाकडे उमेदवारी करत होता.

ॲबीकडे, म्हणजे वरच्या पडक्या मठाकडे, जाणाऱ्या १९९ पायऱ्या आहेत. हे चौथ्या टप्प्याला बाकावर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये, मी इथे धुकं बघतो." मी वर गेले. आधी थडगी दिसली, मग काहीच नाही, आणि मग एकदम डोक्यावर छप्पर नसलेल्या उंच, टोकदार कमानी.

६५७ साली हिल्डा नावाच्या बाईने इथे मठ चालवायला घेतला. स्त्रिया आणि पुरुष दोघांचाही मठ, आणि दोघांवर अधिकार तिचा. राजे तिच्याकडे सल्ल्याला येत. ६६४ मध्ये इथेच मोठी धर्मसभा भरली, वाद होता ईस्टर कधी धरायचा याचा. राजा ऑस्वीउ एका गणिताने चालायचा, राणी दुसऱ्या. त्यामुळे कधी कधी राजा सणाचं जेवण जेवतोय आणि राणीचा उपास सुरूच, असं एकाच वाड्यात होई. टिळक पंचांग मानणाऱ्या घरात सून म्हणून गेलेल्या माझ्या मावशीला हे सांगितलं असतं तर तिला क्षणात कळलं असतं. सभेत राजाने रोमचं गणित स्वीकारलं.

पण मला तिथे उभं धरून ठेवलं ते कॅडमनने. हा मठातला गुराखी. जेवणानंतर वीणा एकेकाच्या हाती फिरायची आणि प्रत्येकाने गायचं, अशी पद्धत होती. आपली पाळी यायला लागली की हा उठून गोठ्यात जायचा, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री गोठ्यात झोपला असताना स्वप्नात कुणी तरी आलं आणि म्हणालं, "कॅडमन, गा." काय गाऊ? "सृष्टी कशी झाली ते गा." आणि तो गायला. सकाळी त्याला हिल्डापुढे नेलं. तिने गुराख्याचं गाणं ऐकून घेतलं, ते देणं आहे हे ओळखलं आणि त्याला मठात जागा दिली. बीड या साधूने ७३१ साली ही हकिकत लिहून ठेवली. इंग्रजी भाषेत ज्याचं नाव माहीत आहे असा हा पहिला कवी. लॅटिनमध्ये नाही, गोठ्यातल्या भाषेत गाणारा.

देहूच्या वाण्याच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि कवित्व कर म्हणाले, हे ऐकत मोठी झालेली मी. धुक्यात त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिले. तो दगड कॅडमनच्या काळचा नाही, तो मठ डेन लोकांनी उद्ध्वस्त केला आणि आताच्या भिंती पुष्कळ नंतरच्या, हे माहीत होतं. तरी हात काढवेना.

खाली उतरल्यावर बंदराजवळच्या दुकानात तो दगड दिसला. काळा, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडा मोठा, आत चक्रासारखी वेटोळी. दुकानदार म्हणाला, स्नेकस्टोन. हिल्डाने मठाच्या जागेवरच्या सापांचे दगड केले, ते हे. पूर्वी विकणारे त्यांना सापाचं तोंडही कोरून द्यायचे, गावाच्या मानचिन्हात असे तीन आहेत. मी तो हातात घेतला आणि यांच्याकडे पाहिलं. यांनीही ओळखला होता. "शाळिग्राम," हे म्हणाले.

आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम आहे, त्यांच्या सासऱ्यांनी काशीहून आणलेला. गंडकीतून येणाऱ्या अशा शाळिग्रामांतलं चक्र म्हणजे जे, तेच हे. अमोनाइट, ज्युरासिक काळातले समुद्रातले जीव. व्हिटबीचे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे, गंडकीचे काही कोटी वर्षांनी धाकटे. तो समुद्र नंतर हिमालय होऊन वर उचलला गेला. इकडे एका बाईने सापांचे दगड केले, तिकडे विष्णूने चक्र धारण केलं. शास्त्रज्ञांनी यांच्यातल्या एका जातीला हिल्डाचंच नाव दिलं आहे, हिल्डोसेरस.

तीन पौंडांना तो दगड घेतला. घरी आल्यावर कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. माल्टनला तो स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, वाईलाही खिडकीतच आहे, तुळस दिसेल असा. तो देव नाही, पण नुसता दगडही म्हणवत नाही.

(शाकाहारी मंडळींसाठी एक सांगून ठेवते. यॉर्कशरमध्ये पुष्कळ ठिकाणी बटाट्याचे चिप्ससुद्धा गायीच्या चरबीत तळतात. आधी विचारा, ते न रागावता सांगतात.)

यॉर्कला दोन दिवस गेलो आणि दोन्ही कमी पडले. तिथे गेट म्हणजे रस्ता आणि बार म्हणजे वेस. यातला गेट ही व्हायकिंगांचीच देणगी. रोमनांनी इसवी सन ७१ मध्ये वसवलेलं गाव. कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून पुकारलं ते इथे, ३०६ साली. तटावरून चालत निम्मं गाव पाहता येतं. मिन्स्टर या इथल्या मोठ्या चर्चमधली पूर्वेची मोठी काचखिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ अशी तीन वर्षांत केली, टेनिस कोर्टाएवढी. वर विश्वाची उत्पत्ती, खाली विश्वाचा अंत. मजुरी ठरलेली, आणि काम वेळेत केलं म्हणून १० पौंड बक्षीस. मला वाटतं, ते दहा पौंड ज्याने द्यायला लावले तो माणूस चांगला असणार.

संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही. आम्ही दोघं मागे बसलो. शाळांना सुट्टी म्हणून बाहेरगावचा गायकवृंद आला होता. शब्द समजले नाहीत. सूर छताशी जाऊन परत खाली यायचा, त्याला दोन-तीन क्षण लागायचे, आणि तेवढा वेळ गाणारे थांबायचे.

क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकडीवर मला बसवलं नाही. मार्च ११९० मध्ये गावातल्या ज्यू लोकांनी जमावाच्या भीतीने इथल्या किल्ल्यात आसरा घेतला होता. दीडशेच्या आसपास माणसं मेली. पुष्कळांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःच जीव दिला. लाकडी बुरूज जळाला, आताचा दगडी नंतरचा. पायथ्याशी पाटी आहे. शेजारी मुलं आईस्क्रीम खात होती. गावाने ती गोष्ट दगडावर लिहून ठेवली आहे, हे मला महत्त्वाचं वाटलं.

स्कारबरोला कादंबरीकार ॲन ब्राँटेचं थडगं पाहिलं. १८४९ मध्ये ती समुद्राची हवा खायला आली आणि तीन दिवसांत गेली. दगडावर वय २८ कोरलंय, ती २९ची होती. लीड्सला लेकीबरोबर कर्कगेट मार्केटात भाजी घेतली. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात इथल्याच एका पेनीच्या ठेल्यावर झाली, १८८४ साली. बाकी लीड्स म्हणजे मला लेकीचं घर.

रविवारी तिने गाडीने रिव्होला नेलं. राय नदीच्या अरुंद खोऱ्यात ११३२ साली वसलेला सिस्टर्शियन साधूंचा मठ. एके काळी इथे सहाशेहून जास्त माणसं राहायची, मेंढ्या पाळायची, लोकर परदेशी पाठवायची. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने सगळं मोडलं, छताचं शिसंसुद्धा काढून नेलं. आता तिथे गवत, कमानी आणि पाण्याचा आवाज. मी ओढ्याशी जाऊन पाण्यात हात घातला. पिटातून आलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.

"ही कुठे जाते गं?" मी विचारलं.

"तुमच्याकडेच," लेक म्हणाली. "राय माल्टनच्या वर डरवेंटला मिळते. फार्नडेलची डव्ह, रोझडेलची सेव्हन, त्याही आधी रायमध्ये येतात. पिकरिंगचा ओढासुद्धा. माळावरचं दक्षिणेकडचं सगळं पाणी तुमच्या पुलाखालून जातं."

त्या संध्याकाळी आम्ही बेकरी बंद झाल्यावर पुलावर गेलो. रोज जात होतो, पण त्या दिवशी वेगळं वाटलं. हॉरकमचा झरा, रिव्होचा ओढा, सगळं तिथे आलेलं होतं. आम्ही सकाळी ज्या ज्या वाटेने वर गेलो होतो, त्या त्या वाटेने पाणी खाली आलं होतं, आमच्यासारखंच संध्याकाळी घरी. पलीकडून आजोबा कुत्र्याला घेऊन येत होते. त्यांनी हात वर केला, आम्हीही केला.

निघायच्या दिवशी आजोबांनी आलुबुखारांची आणखी एक पिशवी कुंपणावरून दिली. मी उरलेला गोडा मसाला बरणीसकट त्यांच्या हाती ठेवला आणि कसा, किती घालायचा ते दोनदा सांगितलं.

यॉर्कची गाडी माल्टन सोडते आणि नदीच्या काठाने जाते. किर्कहॅमच्या खिंडीत तर रूळ नदीबरोबर वळणं घेतात, त्यामुळे गाडीही सावकाश चालते. मी काचेला नाक लावून बसले होते. एका बाजूला झाडी, मध्ये किर्कहॅमच्या मठाची पडकी वेस, आणि बर्फाने वाट अडवल्यावर पाण्याने कापलेला तो डोंगर. बराच वेळ ती बरोबर होती. मग डोंगर संपला, शेतं आली, गाडीने वेग घेतला आणि नदी डावीकडे वळली.

"गेली," हे म्हणाले.

मी पिशवीतून एक आलुबुखार काढून यांना दिलं, एक मी घेतलं.